आमच्या ग्रामपंचायतीचं शेवटचं पान

अन्याय झाला तो आमच्या कातकरवाडीतल्या मावशीवर, आणि तिच्यासोबत वाडीतल्या प्रत्येक घरावर. कधी झाला तेही सांगते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते त्या पावसाळ्यात, लावणीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी नऊ ते साडेअकरा. एवढी नेमकी वेळ मला माहीत आहे, कारण वही माझ्या हातात होती.

ती वही म्हणजे ग्रामसभेच्या ठरावांची वही. तिच्या त्या एका पानाने आमची ग्रामपंचायत मोडली आणि वाडी कागदावरून पुसली गेली. आज कुणी विचारलं की तुमची ग्रामपंचायत कुठे आहे, तर दाखवायला एक खोली आहे. त्या खोलीत आता कुणाचा तरी पेंढा भरलेला असतो. दारावरचा बोर्ड काढून नेला, खिळ्यांची चार भोकं राहिली.

आमचं गाव डोळखांब आणि धसईच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. आजोबांच्या तरुणपणी गावाला स्वतःची पंचायत नव्हती. नदीपलीकडच्या मोठ्या गावाच्या पंचायतीत आमची गणती. पावसाळ्यात नदी ओलांडता यायची नाही. आषाढात मेलेल्या माणसाची नोंद गणपतीनंतर व्हायची, आणि मधल्या काळात जन्मून मेलेल्या पोराची तर व्हायचीच नाही. आमच्या गावासाठी मंजूर झालेली विहीर एका वर्षी मोठ्या गावाने आपल्या हद्दीत खोदली. कुणी विचारायला गेलं तर उत्तर मिळालं, "पाणी काय, सगळ्यांचंच!" त्या रागातून आमच्या लोकांनी वेगळी पंचायत मागितली. अर्ज, खेटे, पुन्हा अर्ज. मिळाली तेव्हा कचेरी म्हणजे शाळेच्या ओटीवर ठेवलेली एक पत्र्याची पेटी होती.

नंतर खोली बांधली. दगड नदीतून वाहून आणले ते मुख्यतः वाडीच्या बायकांनी. खोली उभी राहिल्यावर सतरंजी अंथरली, आणि वाडीची माणसं बाहेर पायरीवर बसायला लागली. कुणी त्यांना तिथे बसा म्हटलं नाही. कुणी आत या असंही म्हटलं नाही. आमच्या पंचायतीचा इतिहास लिहायचा तर हेही लिहावं लागेल. पंचायत आमची होती म्हणून ती चांगलीच होती, असं मला म्हणायचं नाही.

माझे वडील तिथे शिपाई होते. झाडलोट, दवंडी, नळाचा व्हॉल्व्ह सोडणं, घरांवर नंबर रंगवणं, सगळं तेच करायचे. आणि मावशी, जिच्याबद्दल मी लिहिते आहे, ती तिथे पाच वर्षं सरपंच होती.

ती माझी सख्खी मावशी नाही. आम्ही शेतकरी, ती आमच्या शेतावर लावणीला येणारी. पण आईनंतर माझ्या डोक्याला तेल तिनेच घातलं, म्हणून मावशी. सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावातल्या मोठ्या माणसांनी तिला उभी केली. हिशोब सरळ होता. बाईला वाचता येत नाही, बोट दाखवू तिथे अंगठा देईल.

पहिल्याच सभेत ग्रामसेवकाने कागद पुढे सरकवला. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मावशी म्हणाली, "वाचा."

त्यांनी वाचला.

"परत वाचा."

"अहो बाई, एकदा वाचून कळत नाय का तुमाला?"

"मला कळला. तुमाला कळतोय का ते बघते."

पायरीवर बसलेले सगळे हसले. त्या दिवशी बाबा घरी येऊन हा प्रसंग आम्हाला तीन वेळा सांगत बसले. मावशीने पाच वर्षांत पहिलं काम केलं ते वाडीतल्या घरांची नोंद. तोवर वाडी सरकारी दप्तरात नव्हतीच. गुरचरणाच्या जागेवरच्या झोपड्या, एवढंच काय ते. तिने प्रत्येक घराला नंबर लावून घेतला. बाबांनी लाल ऑइल पेंटने दारांवर आकडे काढले. ज्यांना दार नव्हतं त्यांच्या कुडावर पत्र्याचा तुकडा ठोकून त्यावर काढले.

आणि दुसरी गोष्ट तिने सुरू केली, ती मला फार बारकाईने सांगायची आहे.

लावणीच्या दिवसांत एखादी खास ग्रामसभा लागली तर कोरम भरायचा नाही. सगळं गाव चिखलात. सभेला येणार कोण, तर ज्यांना स्वतः वाकावं लागत नाही असे चारजण. तेच पुढच्या तारखेला बसून पाहिजे ते ठरवायचे, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. मावशी म्हणाली, "माणसं येत नाय तर वही जाईल." मग बाबा वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधाबांधाने फिरायला लागले. बांधावर उभं राहून ठराव मोठ्याने वाचायचे. बायका वाकलेल्या असायच्या त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, विचारायच्या, भांडायच्या. टाकी तिकडेच का, इकडे का नाय? मग अंगठे. बाबांकडे शाईची डबी असायची, पण ती कधी उघडली गेली नाही. हात चिखलाचेच होते. अंगठा पानावर टेकवला की उमटला. उन्हाळ्यात ती वही उघडली की पानांमधून वाळलेल्या मातीची पूड मांडीवर पडायची.

भाऊसाहेब कुरकुरायचे की हे नियमात बसत नाही. नसेल बसत. पण आमच्या गावात पहिल्यांदा भूमिहीन माणसाला ठराव ऐकू आला तो असा, उभ्या चिखलात.

मावशीची पाच वर्षं संपली. नवा सरपंच आला, भाऊसाहेब तेच राहिले. वही बांधावर जायची पद्धत चालू राहिली, कारण ती भाऊसाहेबांनाही आता सोयीची वाटायला लागली होती. फक्त वाचणं हळूहळू कमी झालं. आधी पूर्ण ठराव वाचायचे, मग सारांश, मग नुसता विषय. "रस्त्याचं आहे." "शाळेचं आहे." पुढे पुढे पान कोरंच यायचं, मजकूर नंतर. कुणाला काही वाटलं नाही. वही बांधावर आली म्हणजे ती वाचलेलीच असणार, ही सवय मावशीने आणि बाबांनीच लोकांना लावली होती. खोटं आमच्या गावात शिरलं ते या विश्वासाच्या वाटेने.

त्या मंगळवारी बाबांचा पाय सुजला होता. आदल्या दिवशी बांधावरून घसरले होते. भाऊसाहेब आमच्या ओटीवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरगी शिकलेली आहे, ती फिरेल की. टाकीचा विषय आहे. आज अंगठे झाले पाहिजेत."

मी लगेच उठले. मला मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू? तोवर मी कष्टकऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेच्या दोन शिबिरांना जाऊन आले होते. घोषणा लिहायचे, पत्रकाचा मसुदा करायचे. माहितीचा अधिकार मला पाठ होता. मी वही उघडून पाहिली. वर सभेचा क्रमांक आणि खाली कोरं पान.

"भाऊसाहेब, यात काहीच लिहिलेलं नाही."

"मजकूर मोठा आहे गं. कचेरीत बसून शांतपणे लिहितो. आधी उपस्थिती."

मी हो म्हटलं. एवढंच घडलं. कुणी मला फसवलं नाही, धमकावलं नाही. मला पान कोरं दिसलं, मी विचारलं, उत्तर फालतू होतं आणि मी ते घेतलं.

मावशी आमच्याच शेतात होती. रांगेत पाचसहा बायका, ती टोकाला. मी वही पुढे धरली. तिने डाव्या हातातली रोपांची मूठ काखेत दाबली.

"काय लिवलंय गो?"

"टाकीचं आहे मावशी. लिहायचंय अजून."

"मग लिवल्यावर ये."

"तोवर तू कुठल्या बांधावर असशील? भाऊसाहेब थांबलेत."

शेजारची बाई ओरडली, "ए सरपंचीण, दे की! आता काय खुर्ची हाय का तुझी? आमची कंबर मोडली."

दुसरी म्हणाली, "तिला परत वाचून पायजे. दोनदा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू हायस म्हणून देते." अंगठा टेकवला आणि परत वाकली.

दिवाळीनंतर कळलं की आमची ग्रामपंचायत नदीपलीकडच्या मोठ्या ग्रामपंचायतीत विलीन झाली. लोकसंख्या कमी, उत्पन्न कमी, आणि आता नदीवर पूल झाला असल्याने वेगळ्या कारभाराची गरज उरलेली नाही. ज्या पुलासाठी आमचे लोक वीस वेळा निवेदनं घेऊन गेले, तोच पूल कारण म्हणून पुढे केला गेला. एक दिवस टेम्पो आला, दप्तर भरून गेला. बोर्ड काढताना बघायला चारच माणसं होती. कुणी रडलं नाही. गावात नळ येणार होता, मोठ्या पंचायतीने तसं कबूल केलं होतं. बाबांना तिकडे शिपाई म्हणून सामावून घेतलं.

मलाही त्या दिवशी फार काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मावशीच्या घराची मागची भिंत बसली. घरकुलासाठी अर्ज करू म्हणून मी तिला घेऊन मोठ्या गावी गेले. घराचा उतारा पाहिजे होता. नव्या कारकुनाने रजिस्टर चाळलं. मुख्य गावातली घरं होती, आमचंही होतं. वाडीतलं एकही नव्हतं.

"जुन्या दप्तरात बघा ना," मी म्हटलं.

"जुन्या दप्तरातून जेवढं घ्यायचं ठरलं तेवढंच आलंय."

"कुणी ठरवलं?"

"तुमच्याच ग्रामसभेने."

माहितीच्या अधिकारात मी तो ठराव मागवला. आला. भाऊसाहेबांचं अक्षर सुंदर आहे, ते मान्य करायला हवं. आधी विलीनीकरणाला संमती. त्याखाली दुसरा परिच्छेद: वाडीतील झोपड्या हंगामी स्वरूपाच्या असून तेथे वर्षभर कोणाचेही वास्तव्य नसते, सबब त्यांच्या नोंदी नवीन दप्तरात घेण्यात येऊ नयेत. सर्वानुमते मंजूर. टाकीचा शब्दसुद्धा नाही. आणि त्याखाली अंगठे. चिखल झेरॉक्समध्ये काळाकुट्ट येतो. तिसऱ्या ओळीत मावशीचा होता, शेजारी माझ्या अक्षरात तिचं नाव.

वाडीची माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाआधी परततात. गावात काम नसतं म्हणून जातात. त्याला 'वास्तव्य नसते' म्हणायचं असेल, तर कसाऱ्याहून रोज पहाटे मुंबईला जाणारा माणूसही स्वतःच्या घरात राहत नाही म्हणा. पण त्याच्या घराचा उतारा कुणी काढून घेत नाही. का लिहिला असेल तो परिच्छेद? मला माहीत नाही, पुरावा नाही. वाडीच्या खालच्या अंगाला नदीकाठी आता तारेचं कुंपण पडलं आहे, एवढं डोळ्यांना दिसतं.

मावशीच्या नावाने मी त्या ठरावाविरुद्ध अर्ज केला, आणि तालुक्याला सुनावणी लागली. आदल्या दिवशी मी मावशीला शिकवलं. "मावशी, अंगठा माझा नाही म्हणून सांग. चिखलाचा आहे, रेघा दिसत नाहीत. सिद्ध करता येणार नाही त्यांना."

ती ऐकत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

साहेबांनी कागद तिच्यासमोर धरला. "बाई, हा अंगठा तुमचाच ना?"

"माझाच."

मी मध्ये बोलले, "साहेब, पान कोरं होतं. मी स्वतः…"

"तुम्ही थांबा. बाई, दिलात तो मर्जीने दिलात?"

"मर्जीने दिला. पान कोरा होता."

"पाच वर्षं सरपंच होतात तुम्ही. कोऱ्या पानावर अंगठा द्यायचा नसतो, एवढं ठाऊक नव्हतं?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. एसटी स्टँडवर, लोकांसमोर. "एवढं सांगितलं होतं तुला! एक शब्द बोलायचा होता!"

ती बाकड्यावर बसली. "हा माझा नाय म्हटला, तर ते बोलतील आधीचे पण तुझे नाय. वाडीच्या नंबराचा ठराव माझ्या अंगठ्यानं झाला. हिरीचा झाला. शाळेच्या खोलीचा झाला. एक खोटा म्हटला की समदे खोटे करतील गो. मग काय राहिला?"

शिबिरात आम्हाला शिकवतात की अडाणी माणसाला कायदा समजावून सांगा. तिला कायदा माझ्यापेक्षा जास्त समजला होता. अर्ज फेटाळला गेला.

अपिलात आता एकच गोष्ट चालेल: त्या सकाळी अंगठा दिलेल्या माणसांनी लिहून द्यायचं की पान कोरं होतं. माझं प्रतिज्ञापत्र मी केलं आहे. त्याला किंमत नाही, कारण मी अर्जदाराच्या बाजूची; वाडीच्या माणसांचंही तेच. इतर लोक पाहिजेत. मी सगळ्या दारांवर गेले. ज्या बायका त्या दिवशी रांगेत हसल्या होत्या त्यांच्याकडेही गेले. मुख्य गावातली एक म्हणाली, "आता नळ आलाय गो. परत पंचायत मोडा-जोडा करून नळ जायचा." मी समजावलं की नळाचा याच्याशी संबंध नाही. ती म्हणाली, "तुला काय म्हायती? लिहिणारे तेच हायत." दुसरीच्या नवऱ्याने दारातूनच सांगितलं, "आधी तुझ्या बापाची सही आण. मग आमच्याकडे ये."

बरोबर बोलला तो. बाबांनी पंधरा वर्षं ती वही वाहिली. पान कोरं जायचं, ते कधीपासून जायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. मी दुपारी जेवताना विषय काढला.

"बाबा, फक्त खरं लिहायचंय."

"लिहिलं तर मला विचारतील, तू का नेलंस कोरं पान. किती वेळा नेलंस."

"मग सांगा ना किती वेळा."

त्यांनी ताटात हात धुतला. म्हणाले, "दोन वर्षं राहिली नोकरीची. मला रस्त्यावर आणून तिची भिंत उभी राहणार हाय का?" मग ताट बाजूला सारून म्हणाले, "तिला विचार. ती पण नाय म्हणेल."

मी विचारलं. ती खरंच नको म्हणाली. "त्याला नको आणू मधी. त्यानंच नंबर रंगवले आमचे."

आता वाडीची स्थिती सांगते आणि संपवते. उतारा नाही, म्हणून घर दुरुस्तीला काही मिळत नाही, विजेचं मीटर नवीन मिळत नाही. गेल्या दोन पावसाळ्यांत अर्ध्याहून जास्त घरं परतलीच नाहीत, भट्टीच्या मालकाकडेच राहिली. कूड पडले. ठरावात लिहिलेलं खोटं दर वर्षी थोडं थोडं खरं होत चाललं आहे. म्हणून मावशी आता भट्टीवर जात नाही. तिची मुलगी, जावई, नातवंडं दिवाळीनंतर जातात, आणि ती तीन भिंती आणि निळ्या प्लास्टिकच्या घरात एकटी राहते. माघात वाडीत दुसरा माणूस नसतो. नळ मुख्य गावापुरताच आला, वाडीत नाही; पाणी ती अर्ध्या कोसावरून आणते. मी म्हटलं, आमच्याकडे राहायला ये. ती म्हणाली, "मी उठले की वाडीत कोण नाय हा खरा होईल. मग तुझा अपील कशाचा?" तिला आता नीट चालता येत नाही. या थंडीत तिला खोकला लागला तो गेलेला नाही. अपिलाची तारीख दोनदा पुढे गेली.

मला आशा नाही. ती मेली की वाडी रिकामी होईल आणि फाइल आपोआप बंद होईल, हे तिकडे बसलेल्यांना माहीत आहे. त्यांना काही करायचीसुद्धा गरज नाही, नुसती वाट बघायची आहे.

तरी मागते. त्या मंगळवारी तुम्ही आमच्या गावच्या कुठल्याही बांधावर अंगठा किंवा सही दिली असेल, तर आज एक कागद घ्या आणि लिहा: पान कोरं होतं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या, पण या वेळी दोनदा वाचून घ्या आणि मगच अंगठा द्या. तुम्ही आमच्या गावचे नसाल, तर तुमच्या ग्रामपंचायतीत जा, तुमची सही असलेली पानं दाखवा म्हणा, आणि तिथे उभं राहून सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचा. पुढच्या सभेपर्यंत थांबू नका. उद्या कचेरी उघडली की जा.